त्रेसष्ट, साठ तीन आणि दुसरीचं पुस्तक

अंकलेखनाच्या तासाला मी "त्रेसष्ट" म्हणते आणि दुसरीची मुलं पाट्या वर करतात. बऱ्याच पाट्यांवर ६३ असतं, काहींवर ३६. एक-दोन पाट्या मात्र वेगळ्या असतात. उत्तर बरोबर, पण ६ अगदी कडेला चेपून बसवलेला, जागा नव्हती तिथे घुसवल्यासारखा. हे मूल आधी ३ लिहितं, मग हात डावीकडे नेऊन ६ लिहितं. 'त्रे' आधी कानावर पडलं, म्हणून तीन आधी. नंतर आठवलं की तीन उजवीकडे असतो, म्हणून सहाला मागच्या दाराने आत घेतलं.

त्या पाटीलाही बरोबरची खूण मिळते, आणि दोन अंकी संख्या चालू आहेत तोवर कोणाला काही खटकत नाही. मग एक दिवस "एकशे त्रेसष्ट" येतं. मूल १ लिहितं, त्याला चिकटून ३ लिहितं आणि थांबतं. सहाला आता मधे शिरायला वाव नाही. अशी थांबलेली मुलं मी इतकी पाहिली आहेत, की २०१९ च्या जूनमध्ये जेव्हा संख्यावाचनावरून महाराष्ट्रभर गदारोळ उठला, तेव्हा मला आधी वर्तमानपत्र दिसलं नाही, त्या पाट्या दिसल्या.

तेव्हा झालं ते असं. बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात २१ ते ९९ या संख्या वाचायची एक वेगळी रीत होती: एकवीसला 'वीस एक', त्रेसष्टला 'साठ तीन', अठ्ठ्याण्णवला 'नव्वद आठ'. नेहमीची नावंही पुस्तकात होती. म्हणजे दोन्ही रीती शेजारी शेजारी. आदल्या वर्षी पहिलीच्या पुस्तकात ही रीत येऊन गेली होती, पण तेव्हा कोणी मान वर करून पाहिलं नाही. दुसरीच्या पुस्तकाच्या वेळी मात्र वाहिन्यांवर चर्चा झाल्या, मराठी भाषेचा गळा घोटला जातोय असं म्हटलं गेलं, व्हॉट्सअॅपवर विनोदांचा पाऊस पडला. विधानसभेतही विषय गेला आणि मुख्यमंत्र्यांना आता 'फडण दोन शून्य' म्हणायचं का, अशी कोटी झाली.

कोटी म्हणून ती छान होती, मीही हसले. पण नव्या रीतीत वीसला वीसच म्हणतात. 'दोन शून्य' असं त्यात कुठेच नाही; अंक एकेक करून वाचायचे नाहीत, दशक पूर्ण उच्चारून पुढे सुटे, म्हणजे एकक, सांगायचे, एवढीच ती रीत. फडणवीस त्या पुस्तकाच्या हिशेबानेही फडणवीसच राहतात. ज्या पानावरून एवढं रान उठलं ते पान किती जणांनी उघडून पाहिलं असेल, याचा अंदाज त्या एका विनोदावरून येतो.

नावांचं जंगल

मोठ्या माणसाला ही अडचण कळत नाही, कारण त्याला शंभर नावं केव्हाच पाठ झालेली असतात. म्हणून एकदा सहाचा माग काढून बघा. सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. आठ नावांत 'सहा' स्वच्छ ऐकू येतो तो एकट्या सहासष्टमध्ये. बाकी ठिकाणी तो कधी 'स', कधी 'छ', कधी 'श' होऊन बसलाय. दशकांचीही तीच तऱ्हा. साठचं 'सष्ट' होतं, सत्तरचं 'हत्तर', नव्वदचं 'ण्णव', आणि पन्नासचं कधी 'वन्न' तर कधी 'पन्न': बावन्न, पण त्रेपन्न. सात वर्षांच्या मुलाने यातून नियम शोधायचा म्हटला तर त्याला तो सापडत नाही. मग ते पाठ करतं. पाठ करणं वाईट नाही, पण या पाठांतरातून ६३ मध्ये सहा दशक आहेत हे त्याला कळत नाही.

त्यात 'एकोण' आहे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. कल्पना म्हणून मला ती फार आवडते, वजाबाकी नावातच शिवून टाकलेली. पण कानाला 'तीस' ऐकू येतं आणि पाटीवर ३९ उमटतं. आणि हा नियम पाठ झाला की नव्याण्णवला येऊन तोही मोडतो.

बालभारतीच्या गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या गणिती, आणि शाळेच्या गणितात मनापासून रमणाऱ्या. २०२३ च्या जुलैमध्ये त्या गेल्या. या वादात त्यांनी दोन कारणं मांडली होती. पहिलं, बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा आहे. दुसरं, ही नावं जोडाक्षरांनी भरलेली आहेत आणि दुसरीतल्या मुलाची जोडाक्षरांशी नीट ओळखही झालेली नसते. टीका करणाऱ्यांनी दुसरंच कारण उचललं. "मग जोडाक्षरंच काढून टाका मराठीतून," हा प्रतिवाद सोपा होता. माझ्या मते पहिलं कारण कितीतरी वजनदार होतं. 'त्र्याण्णव' लिहिता न येणं ही भाषेच्या तासाची अडचण आहे, तिसरीत सुटते. त्रेसष्ट ऐकून आधी तीन लिहिणं ही गणिताची अडचण आहे, ती हातच्याच्या बेरजेपर्यंत पाठ सोडत नाही. समितीने वाद त्याच कारणावर लढवला असता तर विनोद कमी झाले असते का? सांगता येत नाही. पण निदान वाद गणिताचा झाला असता.

जुन्या रीतीचा कैवार घेणाऱ्यांनी एक खरा मुद्दा मात्र मांडलाच नाही, याचं मला नवल वाटतं. सुटे आधी सांगणं हा गावंढळपणा नाही. संस्कृतात एकविंशति, त्रिषष्टि असाच क्रम आहे, आणि 'अंकानां वामतो गति:' हे आपल्या गणित-ज्योतिषाच्या परंपरेतलं जुनं सूत्र. अंक डावीकडे वाढत जातात, म्हणून सांगायला सुरुवात एककापासून. श्लोकात संख्या गुंफताना हेच करत. म्हणजे ज्याने सुटे आधी म्हटले त्याच्या मनात एकक-दशक-शतकाची उतरंड पक्की होती. माझ्या पाटीवरचं मूलही खरं तर तेच करतंय, ३ आधी आणि मग डावीकडे ६. फरक इतकाच, की त्याला शाळेची ओळ डावीकडून उजवीकडे लिहायची आहे.

दुसऱ्यांच्या घरी काय

हा घोळ आपल्या एकट्यांचा नाही. हिंदी, गुजराती, बंगालीतही तो आहेच. जर्मनीत 'एक-आणि-वीस' म्हणतात, आणि बोखुम विद्यापीठातल्या एका गणिताच्या प्राध्यापकाच्या पुढाकाराने 'वीस-एक' म्हणण्याची मुभा मिळावी यासाठी तिथे रीतसर संस्था निघाली आहे. जर्मनच बोलणाऱ्या ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऐकलेली संख्या लिहिताना झालेल्या चुकांपैकी साधारण निम्म्या या उलटापालटीशी जोडलेल्या निघाल्या. माझ्या पाट्यांचं हे जर्मन रूप.

नॉर्वेने तर १९५१ च्या जुलैपासून देशाची मोजणीच बदलली. 'एक आणि वीस' जाऊन 'वीस-एक' आलं. गंमत म्हणजे रेटा शाळांचा नव्हता, टेलिफोन खात्याचा होता. नंबर सांगताना-ऐकताना चुका होत होत्या. संसदेने ठरवलं, शाळा आणि रेडिओने उचललं. तरीही जुनी रीत लोकांच्या तोंडातून गेली नाही, अनेक दशकं दोन्ही चालत राहिल्या, आजही कानावर येतात. सरकारी हुकमाने जीभ वळायला पिढ्या लागतात हे त्यावरून दिसतं. आणि दोन रीती शेजारी नांदल्या म्हणून भाषा मरत नाही, हेही.

वेल्श भाषेची गोष्ट मला जास्त उपयोगाची वाटते. जुन्या वेल्शमध्ये एकवीस म्हणजे 'विसावर एक', अठरा म्हणजे 'दोन नऊ'. शाळांनी सुटसुटीत रीत घेतली: दोन-दहा-एक. वेल्श माध्यमातली आणि इंग्रजी माध्यमातली मुलं वेल्समध्येच शेजारी राहतात, तेव्हा तुलना करणं सोपं. तिथे असं दिसलं, की वेल्श माध्यमाची मुलं दोन अंकी संख्या वाचण्यात आणि त्यांतली मोठी-लहान ओळखण्यात सरस होती, पण एकूण आकडेमोडीत तसा फरक नव्हता. हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावं असं आहे. नावं सोपी केल्याने स्थानिक किंमतीची पायरी सोपी होते. सगळं गणित सोपं होत नाही, आणि तसं कोणी म्हणू नये.

आपल्या पुस्तकाशी सगळ्यात मिळतंजुळतं उदाहरण चेक भाषेचं. तिथे पंचविसाला 'वीस-पाच' आणि 'पाच-आणि-वीस' दोन्ही सर्रास म्हणतात. त्याच मुलांना दोन्ही तऱ्हांनी संख्या सांगून लिहायला लावलं, तेव्हा उलट क्रमाच्या रीतीत अंक उलटण्याच्या चुका भरपूर आणि सरळ रीतीत अगदी थोड्या. मूल तेच, भाषा तीच, फक्त नाव बदललं.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? अक्कलकोट-जतकडच्या कन्नड शाळांत त्रेसष्टला 'अरवत्तमूरु' म्हणतात, अरवत्तु म्हणजे साठ, मूरु तीन. आपल्याच राज्यातली मुलं रोज 'साठ तीन' म्हणतात, फक्त कन्नडमध्ये.

वर्गात काय झालं

आता माझ्या वर्गाचं सांगते. मी ती रीत वापरली, अजूनही वापरते, पण पुस्तकात दिली म्हणून सरळ वापरता येते असं नाही.

पहिल्याच आठवड्यात नवी चूक आली. "साठ तीन" म्हटल्यावर चौघांनी लिहिलं ६०३. का नाही लिहिणार? साठ म्हणजे ६०, पुढे तीन म्हणजे ३. ऐकलं तसं लिहिलं. जुन्या रीतीत ३६ येत होतं, नव्या रीतीत ६०३. वादाच्या वेळी नव्या रीतीच्या बाजूच्या कोणी हे सांगितलेलं मला आठवत नाही, पण ज्याने वर्गात करून पाहिलं त्याला हे दिसलंच असणार.

यावर उपाय जुनाच आहे, कार्डांचा. पुठ्ठ्याची लांब कार्डं, त्यांवर १०, २०, ३० असं ९० पर्यंत. आणि निम्म्या लांबीची, १ ते ९ ची. ६० च्या कार्डावर ३ चं कार्ड उजव्या कडेला जुळवून ठेवायचं. शून्य झाकलं जातं. मुलाला ६३ दिसतं. मग तीनचं कार्ड उचलून खाली साठ अजून आहेत हे दाखवायचं. "बाई, शून्य तीनच्या खाली लपलंय!" हे वाक्य एका मुलीने काढलं आणि त्या वर्षी माझ्या वर्गात ६०३ बंद झालं. त्याच्या जोडीला शंभर मण्यांची माळ, दहा लाल, दहा पांढरे अशी ओवलेली. "साठ तीन दाखव" म्हटलं की मूल रंगांचे सहा गट मोजतं आणि तीन मणी पुढे सरकतं. "त्रेसष्ट दाखव" म्हटलं की पहिल्यांदा पुष्कळ जण एकापासून मोजायला बसतात. दोन नावांतला फरक त्या बोटांच्या चालीत दिसतो.

बेरजेत तर ही रीत फारच कामाला येते. २८ आणि ३५. "वीस आठ, तीस पाच. वीस नि तीस पन्नास. आठ नि पाच तेरा. पन्नास नि तेरा साठ तीन." मूल तोंडी करतं, हातचा न मांडता. हेच 'अठ्ठावीस अधिक पस्तीस' असं सांगितलं की आधी भाषांतर, मग बेरीज.

पण पाढ्यांपाशी मी थांबले. सात नवे त्रेसष्ट. या ओळीला एक ठेका आहे, शेकडो वर्षं घासून गुळगुळीत झालेला. सात नवे साठ तीन म्हणून बघा, पाय मुरगळल्यासारखं होतं. पाढे हे पाठच व्हायचे असतात, तिथे विचार करायचा नसतो. त्यामुळे पाढ्यात जुनी नावं, मोजण्यात आणि मांडण्यात नवी, अशी मी वाटणी करून टाकली. एका शिक्षण परिषदेत मी हे सांगितलं तेव्हा एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, "बाई, मुलं गोंधळतील." मी म्हटलं, "गुरुजी, मुलं घरी आईला 'अगं' आणि शाळेत मला 'अहो' म्हणतात, गोंधळतात का?" ते हसले, पण पटलं असं मला वाटलं नाही.

पालकांचं मात्र ऐकून घ्यावं लागतं. एका मुलीचे वडील आठवडी बाजारात भाजी विकतात. ते आले आणि म्हणाले, "बाई, ही दुकानावर साठ तीन रुपये म्हणाली तर गिऱ्हाईक मला येडा म्हणंल." त्यांचं खरं होतं. व्यवहार त्रेसष्टात होतो आणि मुलीला तो यायलाच हवा. मी त्यांना सांगितलं, दिवाळीपर्यंत दोन्ही म्हणू द्या, पुढे ती आपोआप त्रेसष्ट म्हणेल. तुम्ही दुकानावर तिच्याकडून जुन्याच नावांनी पैसे घ्या. तेवढ्यात शेजारी उभा असलेला तिचा भाऊ, इंग्रजी शाळेतला, म्हणाला, "पप्पा, सिक्स्टी थ्री म्हणजे साठ तीनच की." वडिलांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

त्या पोराने जे सहज सांगितलं ते सगळ्या वादात मला कुठे ऐकू आलं नाही. 'साठ तीन'ने मराठी बुडेल म्हणून चिडलेल्या कितीतरी घरांत मोबाईल नंबर 'नाइन एट' असाच सांगितला जातो, आणि "आजी, एकोणऐंशी म्हणजे सेव्हंटी नाइन ना?" असं विचारणारी नातवंडं आहेत. जुनी नावं धोक्यात आहेत हे खरंच आहे. फक्त त्यांना ढकलणारा हात दुसरीच्या पुस्तकातला नाही. मला तर उलट वाटतं: ज्या मुलाला 'साठ तीन'वरून त्रेसष्टपर्यंत हाताला धरून आणलं, ते त्रेसष्ट टिकवेल. ज्याला त्रेसष्ट कधी कळलंच नाही, ते पहिल्या संधीला सिक्स्टी थ्रीला जाऊन मिळेल.

या गोष्टीचं वजन एका पानापुरतं नाही. मुलांना वाचन-गणित किती येतं हे बघणाऱ्या 'असर'च्या पाहणीत गणिताची दुसरी पायरीच ११ ते ९९ मधल्या संख्या ओळखण्याची आहे, आणि मुलाला ती तोंडाने सांगायची असते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या मोहिमेने पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंत आणि दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंत वाचन-लेखन अपेक्षित धरलंय. म्हणजे 'एकशे त्रेसष्ट'ला अडलेलं ते मूल याच वर्षी अडणार, याच वर्षी मागे पडल्याची नोंद होणार.

पुस्तकाची एक गोष्ट मात्र मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. नवी रीत एकविसापासून सुरू होते. अकरा ते एकोणीस तसेच ठेवले. चिनीत अकराला 'दहा-एक' म्हणतात, आणि चिनी व अमेरिकी लहान मुलांच्या मोजणीची तुलना करणाऱ्यांना १९९५ मध्ये असं आढळलं होतं, की दहापर्यंत दोघंही बरोबरीने मोजतात, फरक पडायला लागतो तो अकराच्या पुढे. म्हणजे चढण सुरू होते ती तिथे. अकरा, बारा, तेरा यांत दहा कुठे ऐकू येतो? कुठेच नाही. आणि 'एकोणीस'मध्ये जो ऐकू येतो तो वीस.

हे मला पुस्तक वाचून सुचलं नव्हतं. माळेवर वीस एक, वीस दोन करत असताना मागच्या रांगेतल्या एकाने विचारलं, "बाई, मग अकराला दहा एक का नाही म्हणायचं?" सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "म्हण की." त्याने माळ पुन्हा पहिल्या मण्यावर आणली, दहा लाल मणी एका हाताने बाजूला घेतले आणि पहिल्या पांढऱ्यावर बोट ठेवलं.